जॅक रसेल टेरियर आणायचा विचार आहे – स्वभाव, देखभाल, आजार सगळं सांगा

मनवा_

नमस्कार मंडळी. घरात कुत्रा आणायचा हे आता नक्की झालंय, कुठला यावर मात्र बरेच दिवस घोळ चालू होता. नवऱ्याला मोठा हवा होता, आम्ही राहतो फ्लॅटमध्ये, त्यामुळे मी लहान आकारावर अडून बसले आणि शेवटी जॅक रसेलवर तडजोड झाली. व्हिडिओत बघितलेत तेवढेच, उड्या मारणारे, एक कान तपकिरी, एक डोळ्यावर पॅच, फारच गोड. मुलगी सात वर्षांची आहे. तिचा एक गिनीपिग आहे. दोघांपैकी एक जण बहुतेक वेळ घरून काम करतो.

प्रश्न असे की फ्लॅटमध्ये राहील का, केस किती गळतात, गिनीपिगशी पटेल का, मुलांशी कसे असतात, आणि आजार काय काय होतात. शिवाय पार्सन रसेल म्हणून एक दिसतं ते हेच की वेगळं? लहान कुत्रा म्हणजे कटकट कमी असा माझा अंदाज आहे, बरोबर ना?

टवाळपंत

शेवटचं वाक्य वाचून पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

जास्वंद

रुमाल टाकून ठेवते. आमचा सध्या सोफ्याच्या पाठीवर उभा आहे. बसलेला नाही, उभा. सविस्तर रात्री लिहिते.

ढोलीवाला

मनवा, लहान आकार = कमी कटकट हे गणित काही जातींना लागू पडतं, टेरियरला नाही. हा मांडीवर बसवायला तयार केलेला कुत्रा नाहीये, कामाचा कुत्रा आहे आणि काम बिळात शिरायचं म्हणून आकार लहान, एवढंच.

थोडा इतिहास सांगतो कारण त्याच्या निम्म्या खोड्या तिथूनच आल्यात. इंग्लंडमध्ये जॉन रसेल नावाचा पाद्री होता, जन्म १७९५, शिकारीचा प्रचंड नाद. १८१९ मध्ये ऑक्सफर्डला शिकत असताना त्याने एका दूधवाल्याकडून ट्रम्प नावाची टेरियर कुत्री विकत घेतली. पांढरी, डोळ्यांवर-कानांवर तपकिरी ठिपके आणि शेपटीच्या बुडाशी एक छोटा ठिपका. तिच्यापासून त्याने आपली जात धरली. कोल्ह्याच्या शिकारीत घोडेस्वार आणि मोठे हाउंड कुत्रे पुढे पळायचे, कोल्हा बिळात शिरला की यांचं काम सुरू. आत जायचं, कोल्ह्यासमोर उभं राहून भुंकत राहायचं आणि त्याला बाहेर काढायचं. मारायचं नाही, मारला तर शिकारच संपली.

आता यातून काय काय निघतं बघ. एक, भुंकणं ही त्याची वाईट सवय नाही, नोकरी होती, जमिनीखालून आवाज आला तरच वरच्यांना तो कुठे आहे ते कळायचं. दोन, आत अंधारात मालक नाही, हुकूम देणारं कोणी नाही, सगळे निर्णय स्वतः घ्यायचे, त्यामुळे हा विचारून काही करत नाही. तीन, आपल्याहून मोठ्या जनावरासमोर माघार घेणारे कुत्रे तिथे निवडलेच गेले नाहीत. म्हणून सहा किलोचा प्राणी समोरच्या चाळीस किलोच्या कुत्र्याला दम देतो आणि त्याला खरंच वाटतं आपण जिंकू. आणि पांढरा रंग यासाठी की धावपळीत कोल्हा कुठला आणि कुत्रा कुठला ते लांबून कळावं.

पार्सन आणि जॅक वेगळे धरतात हल्ली. पार्सन उंच पायांचा, चौकोनी बांध्याचा, ३३ ते ३६ सेंमीच्या आसपास. जॅक रसेल बुटका, उंचीपेक्षा लांबी जास्त, २५ ते ३० सेंमी, वजन ५-६ किलो. ब्रिटनच्या केनेल क्लबने, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने, पार्सनला १९९० मध्ये मान्यता दिली आणि जॅक रसेलला थेट २०१६ मध्ये. मधल्या काळात या जातीच्या बऱ्याच प्रेमींचाच मान्यतेला विरोध होता, शो रिंगमध्ये गेला की दिसण्यासाठी ब्रीड करतील आणि काम विसरेल म्हणून. मला विचारशील तर त्यांची भीती अगदीच खोटी नव्हती.

अजून एक, चांगल्या जॅक रसेलची छाती पुढच्या पायांमागे दोन्ही हातांनी धरली तर बोटांना बोटं टेकली पाहिजेत असा निकष आहे. बिळात अडकायला नको म्हणून. तेव्हा कपाटामागच्या फटीत हा जाऊ शकत नाही असं कधी समजू नकोस.

मनवा_

बापरे. हे कोणी व्हिडिओत सांगत नाही. म्हणजे गिनीपिग...?

खारुताई

गिनीपिगचं स्पष्ट सांगते, नको. लोक सांगतील लहानपणापासून एकत्र वाढवा, होईल मैत्री. मांजराबरोबर कधी कधी होते, कारण मांजर पंजा मारून हद्द दाखवतं. गिनीपिग, हॅमस्टर, ससा, पक्षी यांचं हलणं आणि चीं चीं करणं हेच त्याच्यासाठी बटण आहे. तुम्ही समोर असताना महिनोन्‌महिने काही होणार नाही आणि एक दिवस पिंजऱ्याचं दार नीट लागलेलं नसेल. आणि हे दोन सेकंदांत होतं, उचलून झटका द्यायचा, तो प्रकारच त्यांच्या रक्तात आहे. त्यात कुत्र्याचा दोष काही नाही पण सात वर्षांच्या मुलीला ते कोण समजावणार.

आमच्याकडे एकदा फ्रीजखाली उंदीर गेला होता. कुत्रा ज्या पद्धतीने उभा होता ते बघण्यासारखं होतं, एक पुढचा पाय उचललेला, शेपूट ताठ आणि फक्त टोक थरथरतंय, मान एका बाजूला, कान पुढे आणि घशातून बारीक कुईकुई. हाक मारली तर कानाची पाळीसुद्धा हलली नाही. त्याचा आवडता खाऊ नाकाला लावला तर नाकाने बाजूला ढकलला. मग पंज्याने फ्रीजखालचं उकरणं सुरू, शेवटी फ्रीज सरकवावा लागला तेव्हा दोघांचा तिढा सुटला. ही अवस्था एकदा बघितली की गिनीपिगचा प्रश्न आपोआप मिटतो.

पशुवैद्य_बाई

खारुताईंना अनुमोदन, आणि उंदराचा विषय निघालाय तर दोन गोष्टी आत्ताच सांगते, आजारांवर वेगळं लिहीन.

उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. कुत्र्याचं यकृत आणि किडन्या दोन्ही खराब होतात आणि माणसालाही होतो. बाकीच्या मुख्य लशी पिल्लूपणीच्या डोसांनंतर काही वर्षं पुरतात, लेप्टोची मात्र दरवर्षी द्यावी लागते, आणि उंदरामागे धावणाऱ्या जातीत ती टाळू नका.

दुसरं उंदराचं विष. कुत्र्याने स्वतः गोळी खाल्ली किंवा विष खाल्लेला उंदीर खाल्ला, दोन्हीत धोका. नेहमीची जी विषं असतात ती रक्त गोठू देत नाहीत. गंमत म्हणजे पहिले दोन-तीन दिवस कुत्रा एकदम मस्त दिसतो, मग हिरड्या पांढऱ्या पडतात, दम लागतो, नाकातून किंवा शी-सूतून रक्त. त्यामुळे "खाल्लंय पण ठीक दिसतोय" म्हणून थांबू नका, लगेच जा आणि विषाचं पाकीट बरोबर न्या. व्हिटॅमिन के१ हा त्यावरचा उपाय, वेळेवर सुरू केला तर बहुतेक वाचतात. उतारा घरी माणसांच्या गोळ्यांनी करू नका.

विजूभाऊ९

एवढं काय घाबरवताय तिला? मस्त कुत्रा आहे, फ्लॅटमध्ये आरामात राहतो. फक्त पळवायला पाहिजे. सकाळी तासभर सायकलबरोबर, संध्याकाळी तासभर बॉल. दमला की पडतो गपचूप. दमलेला कुत्रा चांगला कुत्रा, सिंपल.

ढोलीवाला

विजूभाऊ, इथे आपलं जमत नाही. पळवून पळवून तुम्ही त्याचा स्टॅमिना वाढवता. आज तासात दमतो, दोन महिन्यांनी दीड तास लागतो, मग दोन. शेवटी घरात एक खेळाडू तयार होतो ज्याला ऑफ बटणच नाही. आणि बॉल तर अजून वाईट, तेच तेच शंभर वेळा, डोकं तापलेलं, घरी येऊन पण बॉलकडे टक लावून थरथरत बसतात काही जण. मी बॉल खेळूच नका म्हणत नाही, दिवसाचा सगळा कार्यक्रम बॉल नको.

या कुत्र्याला दमवायचं नाक वापरून आणि डोकं वापरून. आणि शांत बसणं वेगळं शिकवावं लागतं, ते दमण्यातून आपोआप येत नाही. माझ्या मते या जातीची अर्धी देखभाल इथेच आहे.

विजूभाऊ९

पण व्यायाम लागतोच ना?

ढोलीवाला

लागतोच की. रोज तासभर तरी बाहेर, दोन भागात. त्यातला निम्मा वेळ त्याला पाहिजे तिथे पाहिजे तेवढं हुंगू द्यायचं, आपण नुसतं पट्ट्यामागे चालायचं. अर्धा तास मनसोक्त हुंगून आलेला कुत्रा नुसता पळून आलेल्यापेक्षा जास्त गाढ झोपतो हे कुणीही घरी करून बघा. आणि सायकलचं म्हणाल तर वाढत्या वयात अजिबात नको, हाडं-सांधे पक्के व्हायला या आकारात साधारण दहा-बारा महिने लागतात.

जास्वंद

आले. ढोलीवाल्यांना शंभर टक्के +१. आमच्याकडे काय चालतं ते सांगते.

जेवण वाडग्यात जवळजवळ कधीच नाही. जुना टॉवेल जमिनीवर पसरायचा, कोरडं खाणं त्यावर भुरभुरायचं, घट्ट गुंडाळी करायची, सवय झाली की त्याला गाठ मारायची. आधी पंज्याने ओढतो, मग लक्षात येतं की ओढल्याने गाठ घट्ट होते, मग बसून दातांनी एक टोक धरून सोडवतो. तेवढ्या वेळात माझा चहा होतो आणि हा नंतर स्वतःहून जाऊन आडवा. पुठ्ठ्याच्या खोक्यात कागदाचे बोळे आणि मध्ये खाऊ, हे पण. फाडू दे, फाडणं हे त्याचं काम, कचरा आपण भरायचा.

खाऊ लपवून "शोध" म्हणायचं. आधी डोळ्यांदेखत, मग दुसऱ्या खोलीत, मग उंचावर. आता तो खोलीत शिरताना थांबून हवेत नाक वर करतो आणि मग थेट जातो.

फ्लर्ट पोल म्हणून मिळतं, काठीला दोरी आणि दोरीला खेळणं. घरीही करता येतं. जमिनीलगत फिरवायचं, उड्या मारायला लावायच्या नाहीत कारण वळताना गुडघ्यावर येतं. पकडू द्यायचं, मग "सोड", सोडलं की परत खेळ. पाच-सात मिनिटं पुरे. शिकारीची हौस पण भागते आणि सोडायची सवय पण लागते.

आणि उकरायला जागा. उकरू नको म्हणणं म्हणजे श्वास घेऊ नको म्हणण्यासारखं आहे. बाल्कनीत एक मोठा टब, त्यात वाळू, आत खेळणी पुरलेली. बाकी कुंड्या वाचल्या. बऱ्याचशा.

अळणी

हे सगळं वाचून मीच दमले. लोक कुत्रा पाळतात का शाळा चालवतात?

टवाळपंत

शाळाच. मुख्याध्यापक तो असतो.

मनवा_

शांत बसायला शिकवायचं म्हणजे नक्की काय करायचं? आमच्याकडे मुलीलाच जमलेलं नाही.

ढोलीवाला

त्याची एक चटई ठरव. सुरुवातीला त्यावर पाय ठेवला की खाऊ, बसला की खाऊ, आडवा झाला की जास्त. खाऊ हातात न देता चटईवर, दोन पायांच्या मध्ये ठेवायचा, म्हणजे डोकं खाली राहतं. मग हळूहळू खाऊमधलं अंतर वाढव. एक कंबर टाकून लोळला, सुस्कारा सोडला, असं काही दिसलं की हळूच एक खाऊ. आवाज न करता, "शाब्बाऽऽस" ओरडलीस की उठून नाचायला लागेल. तू काम करत असताना तो चटईवर, रोज थोडा थोडा वेळ.

दुसरं म्हणजे झोप. पिल्लं दिवसाला १८ ते २० तास झोपतात आणि टेरियरचं पिल्लू स्वतःहून झोपत नाही. संध्याकाळी वेड्यासारखं घरभर धावतंय, पायांना चावतंय, लोक म्हणतात एनर्जी फार आहे, अजून खेळवा. बहुतेक वेळा ते थकून चिडचिडलेलं असतं. क्रेट (कुत्र्याचा पिंजरा) किंवा प्लेपेनमध्ये (जाळीच्या कुंपणात) चघळायला देऊन अंधार कर, थोड्या वेळात घोरायला लागतं.

खारुताई

मुलांचं मी सांगते. जॅक रसेल मुलांबरोबर धमाल असतात पण सोशिक नसतात. कोणी ओढलं, उचललं, झोपेत अंगावर पडलं तर लॅब्रॅडोर उठून दुसरीकडे जाईल, हा सांगेल की आवडलं नाही. आधी अंग ताठ होतं, तोंड फिरवतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो, ओठ चाटतो, मग गुरगुर. गुरगुरल्यावर ओरडू नका प्लीज. ती सूचना आहे, ती बंद पाडली तर पुढच्या वेळी सूचना न देता चावेल.

सात वर्षं तसं बरं वय आहे, नियम कळतात. जेवताना आणि झोपलेला असताना हात लावायचा नाही, उचलायचं नाही, त्याच्या तोंडातलं ओढून घ्यायचं नाही. मोजा-बिजा पळवला तर मागे धावायचं नाही, दुसरं काहीतरी भारी देऊन बदला करायचा. मागे धावलं की त्याच्यासाठी तो जगातला सगळ्यात बेस्ट खेळ आणि मग मोजे कायमचे गेले. "बस", "शोध" हे मुलीला शिकवू द्या, तिचं ऐकतो हे बघून ती पण जबाबदारीने वागते. मात्र दोघांना एकट्याने सोडायचं नाही, पहिली काही वर्षं तरी.

नीलमोहर२

केसांचं कोणी बोललंच नाही. छोटे केस म्हणून लोक आणतात आणि मग रडतात. गुळगुळीत कोटवाला वर्षभर गाळतो, बारीक ताठ पांढरे केस, ते कापडात सुईसारखे घुसतात, झटकून जात नाहीत. काळे कपडे विसरा. तीन प्रकार असतात, स्मूथ, रफ आणि मधला ब्रोकन. माझी ब्रोकन आहे, अंगावर जवळजवळ स्मूथ, हनुवटीला दाढी आणि भुवया. दिसते एखाद्या खडूस आजोबांसारखी.

स्मूथला आठवड्यातून दोन-तीनदा रबरच्या हातमोज्याने चोळायचं की झालं. रफ-ब्रोकनला हँड स्ट्रिपिंग. मेलेला जुना केस बोटांच्या चिमटीत धरून वाढीच्या दिशेने ओढायचा, तयार झाला असेल तर अलगद येतो, कुत्रा ढिम्म हलत नाही. मशीन फिरवलं तर तो जुना केस आतच राहतो, नवा नीट येत नाही, हळूहळू कोट मऊ आणि फिकट होत जातो, आणि त्या राठ कोटाचा जो उपयोग, चिखल वाळला की आपोआप झडून जातो, तो गेला. ग्रूमरला आधी विचारा हँड स्ट्रिपिंग करता का, बरेच जण नाव ऐकूनच मशीन हातात घेतात.

आंघोळ क्वचित, घाण वास आला तरच. नखं मात्र नियमित. आणि गोचिडांसाठी फिरून आल्यावर कानांच्या मागे, काखेत, बोटांच्या मध्ये हात फिरवून बघायचंच, हे लोक झुडपात डोकं घातल्याशिवाय राहत नाहीत.

पशुवैद्य_बाई

आता आजार. आधी चांगली बातमी, एकंदर टणक जात आहे. ब्रिटनमधल्या कुत्र्यांच्या वैद्यकीय नोंदींवरून २०२२ मध्ये जातींनुसार आयुर्मान काढलं होतं त्यात जॅक रसेल सगळ्यात वर होता, जन्मतः सरासरी १२.७२ वर्षं. फ्रेंच बुलडॉग त्याच यादीत ४.५३ वर होता. सरासरीत लवकर गेलेलेही धरलेले असतात, त्यामुळे नीट सांभाळलेला पंधरा-सोळापर्यंत जाणं नवलाचं नाही. म्हणजे तुमची मुलगी कॉलेजात जाऊन पुढेही हा असेल, तो हिशोब धरूनच आणा.

सगळ्यात महत्त्वाचं डोळे. प्रायमरी लेन्स लक्सेशन. डोळ्यातली लेन्स ज्या बारीक तंतूंनी धरलेली असते ते तुटतात आणि लेन्स जागेवरून सरकते. पुढे आली तर डोळ्यातला दाब भराभर वाढतो, भयंकर दुखतं आणि नजर जाते. साधारण तीन ते आठ वर्षं वयात. डोळा लाल, पाणी, मिचकावणं, बुबुळ धुरकट किंवा निळसर दिसणं, यातलं काही दिसलं तर उद्या बघू नाही, त्याच दिवशी जायचं. घरात पडलेले डोळ्यांचे थेंब घालू नका, काही थेंब या स्थितीत उलटे पडतात. एका डोळ्याला झालं तर दुसऱ्यालाही बहुधा होतं म्हणून तो डोळा सतत तपासत राहावा लागतो.

याची डीएनए टेस्ट आहे. क्लिअर (सदोष जनुक नाही), कॅरियर (एक सदोष प्रत), अफेक्टेड (दोन्ही प्रती सदोष) असे तीन निकाल येतात. दोन्ही पालक कॅरियर असतील तर प्रत्येक पिल्लाला हा रोग येण्याची शक्यता चारात एक. एक जरी पालक क्लिअर असेल तर पिल्लू अफेक्टेड होत नाही. म्हणजे हा असा आजार आहे जो नुसत्या टेस्टने टाळता येतो, त्यामुळे रिपोर्ट न दाखवणाऱ्या ब्रीडरकडून पिल्लू का घ्यायचं हे मला खरंच कळत नाही. लहान वयात तोल जाणारे, अडखळत चालायला लावणारे अटॅक्सियाचे प्रकारही या जातीत आहेत, त्यांचीही डीएनए टेस्ट होते.

कान. पांढऱ्या रंगाशी जोडलेला जन्मजात बहिरेपणा असतो. दोन्ही कानांनी बहिरं पिल्लू लक्षात येतं, एका कानाने असेल तर टाळ्या वाजवून काही कळत नाही. त्यासाठी बेअर टेस्ट करतात, म्हणजे आवाजाला मेंदू प्रतिसाद देतो का ते प्रत्येक कानासाठी वेगळं मोजतात, पाच-सहा आठवड्यांच्या पिल्लाचीही होते.

पाय. चालता चालता मागचा एक पाय उचलून दोन-चार पावलं लंगडी घातल्यासारखं करतो आणि परत नीट चालतो? गुडघ्याची वाटी सरकत असण्याची शक्यता आहे, दाखवून घ्या. लोकांना ती स्टाइल वाटते. साधारण पाच ते आठ महिन्यांचं पिल्लू मागच्या एका पायाने सतत लंगडत असेल तर लेग-पर्थेस, मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा कमी होतो आणि हाड झिजतं, त्याला बहुतेक वेळा ऑपरेशनच लागतं.

दात. लहान जबड्यात दाटी, त्यामुळे टार्टर (दातांवरचा कडक थर) लवकर. रोज ब्रश, कुत्र्यांचीच पेस्ट. दुधाचे सुळे पडायच्या आत नवे आले आणि दोन्ही शेजारी शेजारी उभे दिसले तर वाट बघू नका, दाखवा.

अळणी

आणि खाणं किती?

पशुवैद्य_बाई

सहा किलोच्या मोठ्या, बऱ्यापैकी हालचाल असलेल्या कुत्र्याला दिवसाला ४०० किलोकॅलरीच्या आसपास. खूप नाही हे. ट्रेनिंगचा खाऊ त्यातच मोजायचा, दहा टक्क्यांच्या वर नको, रोजच्या खाण्यातलंच बाजूला काढून खाऊ म्हणून वापरलं तर उत्तम. अर्धा किलो वाढला तर आपल्याला काय अर्धा किलो वाटतं, त्याच्यासाठी ते आठ टक्के वजन आहे आणि ते सगळं त्या गुडघ्यांवर. बरगड्या दिसायला नकोत पण हात फिरवला की सहज लागल्या पाहिजेत, वरून बघितल्यावर कंबर दिसली पाहिजे.

द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण, चॉकलेट, झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते) असलेलं च्युइंगम, हे आवाक्यात नको. आणि जॅक रसेलचा आवाका म्हणजे ओटा पण त्यातच आला.

विजूभाऊ९

पट्टा सोडायचा का मोकळ्या मैदानात? आमचा ऐकतो, पण मांजर दिसलं की संपलं.

खारुताई

मग उत्तर तुम्हीच दिलंत की. मांजर नसताना ऐकतो हे सगळ्यांचेच ऐकतात. हार्नेसच्या (छातीभोवती बसणाऱ्या पट्ट्याच्या) पाठीवरच्या कडीला आठ-दहा मीटरची लांब दोरी लावा, गळपट्ट्याला नको, पळत जाऊन झटका बसला तर मान दुखावते. तो वळून बघेल तेव्हा तेव्हा खाऊ, बोलावल्यावर आला की खाऊ देऊन परत मोकळा सोडायचा. बोलावलं म्हणजे खेळ संपला असं झालं की कोण येईल? आणि कुंपण असलेल्या जागेतच पूर्ण मोकळा. कुंपणाच्या खालून बघायचं आधी, वरून नंतर.

बिळात शिरणं हा वेगळाच ताप आहे. पाइप, ड्रेनेज, ढिगाऱ्यातली पोकळी, आत जातात आणि मागे वळता येत नाही. फिरण्याच्या रस्त्यावर असं काही असेल तर तिथे पट्टा आखूड.

जास्वंद

भुंकण्याबद्दल पण लिहा कोणीतरी, फ्लॅटवाल्यांना तोच प्रश्न. आमच्याकडे खिडकीच्या खालच्या काचेला धूसर फिल्म लावली, निम्मं भुंकणं तिथेच गेलं. दाराची बेल वाजली की चटईवर धावायचं, तिथे खाऊ पडतो, हे शिकवलं. "गप्प!" ओरडायचं नाही, त्याला वाटतं आपण पण भुंकतोय त्याच्याबरोबर. शून्य होणार नाही, तेवढी तयारी ठेवा. शेजाऱ्यांशी आधीच चांगले संबंध ठेवा.

नीलमोहर२

अवांतर: ब्रिटिश साहसी प्रवासी रॅनल्फ फाइन्स आणि त्यांच्या पत्नीचा बोथी नावाचा जॅक रसेल १९७९ ते ८२ च्या त्यांच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या मोहिमेत होता, दोन्ही ध्रुवांवर जाऊन आलेला कुत्रा. आणि फ्लायबॉलमध्ये (कुत्र्यांच्या अडथळ्यांच्या रिले शर्यतीत) संघातल्या सगळ्यात बुटक्या कुत्र्यावरून अडथळ्यांची उंची ठरते, म्हणून बॉर्डर कॉलींच्या टोळीत मुद्दाम एक जॅक रसेल घेतात. त्याच्यामुळे सगळ्यांना कमी उडी मारावी लागते आणि हा स्वतः पण तुफान पळतो.

टवाळपंत

म्हणजे तिथे पण मुख्याध्यापकच.

मनवा_

सगळ्यांचे खूप आभार, काल रात्री नवऱ्याला पूर्ण धागा वाचून दाखवला. आमचं असं ठरतंय की गिनीपिग आहे तोपर्यंत जॅक रसेल नाही. लेकीने एका वाक्यात निकाल लावला, "तो आधी आलाय." नंतर आणायचा झाला तर पिल्लू न आणता तीन-चार वर्षांचा, कोणाला सांभाळणं झेपत नाही म्हणून दिलेला, असा आणावा का? वाचून वाटतंय असे बरेच मिळत असतील.

ढोलीवाला

मिळतात, आणि नेमके एक-दीड वर्षाचे जास्त मिळतात, गोडवा संपून टेरियर सुरू होतो तेव्हा. मोठा आणायचा फायदा म्हणजे स्वभाव समोर दिसतो. मुलं चालतात का, दुसरे कुत्रे चालतात का, एकटा राहतो का, हे विचारायचं आणि एकदा नाही, वेगवेगळ्या वेळी जाऊन भेटायचं. लेकीला बरोबर न्या पण पहिल्या भेटीला नको. डोळ्यांची डीएनए टेस्ट या वयातही करून घ्या, निकाल काहीही आला तरी कुत्रा नाकारायला नाही, लक्ष कशावर ठेवायचं ते कळायला. आणि आणल्यावर पहिले काही आठवडे त्याच्याकडून काही अपेक्षा ठेवू नका, खरा रंग दिसायला एक-दोन महिने जातातच.

अळणी

माझा पण एक प्रश्न. दोन पिल्लं एकदम आणली तर? एकमेकांशी खेळतील, आपल्याला त्रास कमी.

खारुताई

नको. एका वेताची दोन आणली तर ती एकमेकांचं ऐकतात, तुमचं नाही. आणि टेरियरमध्ये, विशेषतः दोन्ही नर किंवा दोन्ही माद्या असतील तर, वयात आल्यावर जी भांडणं लागतात ती खेळातली नसतात, रक्त निघेपर्यंत जातात आणि मग एकाला आयुष्यभर दाराच्या या बाजूला आणि दुसऱ्याला त्या बाजूला ठेवायची वेळ येते. दोन हवेच असतील तर एक नर एक मादी, मध्ये दोनेक वर्षांचं अंतर, पहिला नीट शिकल्यावर दुसरा, आणि अर्थात नसबंदीचं व्हेटशी बोलून.

टवाळपंत

आणि सोफा एकच ठेवा, दोन घेऊन उपयोग नाही.